धुवणावरची कुत्री

कोंबड्यांची शेड बंद पडली आणि महिन्याभरात कुत्री गावात शिरली.

शेड गावाबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी होती. मेलेल्या कोंबड्या, आतडी, पिसं असं सगळं मागच्या खड्ड्यात पडायचं आणि त्यावर पाच-सहा कुत्री पोसली होती. मोठाली, जाड मानेची. गावाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. मग कोंबड्यांत रोग शिरला. सरकारी माणसं तोंडाला फडकी बांधून आली, होत्या नव्हत्या तेवढ्या कोंबड्या पुरल्या, वर चुना टाकला. मालकानं पत्र्याच्या दाराला कुलूप घातलं आणि तो निघून गेला. कुत्र्यांना कोणी काही सांगितलं नाही. चार दिवस त्यांनी चुना उकरून पाहिला, नाकं भाजून घेतली आणि खाली उतरली.

आधी घरोघरच्या कोंबड्या गेल्या. मग शिंप्याची आई दळण घेऊन घरी येत असताना कुत्री तिच्या मागं लागली. म्हातारी पळाली, गटारात पडली, मांडीचं हाड मोडून खाटेला लागली. पोरं शाळेला काठ्या घेऊन जायला लागली. गावानं जिल्ह्याच्या जनावरांच्या दवाखान्याला अर्ज केला. उत्तर आलं, कुत्री धरून ऑपरेशन करणारी गाडी एकच आहे, तुमचा नंबर अडीच महिन्यांनी.

"अडीच महिन्यांत कुत्रीचं एक वेत होतं," वायरमन म्हणाला. "नंबर लागेपर्यंत नातवंडं येतील ऑपरेशनला."

लोक हसले, पण फार नाही.

दूधवाल्याचं घर गल्लीच्या शेवटी होतं. गावभरचं दूध गोळा करून तो तीनचाकी टेम्पोतून डेअरीवर पोचवायचा, म्हणून दूधवाला. घरातल्या चार गाई मात्र त्याच्या बायकोच्या जिवावर होत्या. पहाटे उठून शेण काढायचं, धारा काढायच्या, टेम्पो परत आला की वीस-बावीस कॅन घासायचे. उकळतं पाणी, सोडा आणि काथ्याचा घासणा. तिच्या बोटांची पेरं कायम पांढरी, सुरकुतलेली असत. सासूबाई म्हणायच्या, "हिचे हात आधी म्हातारे झाले, बाकीची मागून येतेय."

कॅनमधलं पहिलं धुवण ती फेकून देत नसे. गोठ्यामागं अर्धं कापलेलं एक लोखंडी पिंप होतं, त्यात ओतायची. वर शिळे तुकडे, करपलेली साय. मग तोंडाशी हात धरून एकदाच म्हणायची, "यू यू यू!" आणि गल्लीतली कुत्री जिथं असतील तिथून यायची. नऊ होती. त्यांना नावं नव्हती. तांबडी, लंगडा, काळं, बांडं अशी ती मनातल्या मनात ओळखायची, एवढंच. पिंप रिकामं झालं की ती पांगायची. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. त्यात तिला विशेष काही वाटायचं नाही.

एका सकाळी ती गोठ्यात गेली तर कवाड ढकललेलं होतं. आठ दिवसांची कालवड दाव्याला बांधलेलीच होती, मान वाकडी, गळ्याशी काही उरलं नव्हतं. गाय हंबरत नव्हती. नुसती दावं ताणून उभी होती आणि तिचे सड गळत होते. कवाडापाशी चिखलात पंजे उमटले होते, तिच्या तळहाताएवढे. गल्लीतल्या कुत्र्यांचे पंजे एवढे नव्हते. तिनं ते पाहिलं. पाहिलं आणि मग शेणाच्या घमेल्यानं कवाडापाशी माती ओढली, कारण सासूबाई येत होत्या आणि त्यांचा पाय घसरला असता.

त्या दिवशी गाय दूध देईना. सड कडक झाले. ती तासभर खाली बसून कोमट पाण्यानं शेकत राहिली आणि गाईनं दोनदा तिला लाथ मारली. दुसरी लाथ गुडघ्यावर बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावकमिटीच्या ऑफिससमोर माणसं जमली. कमिटीचा अध्यक्ष खुर्चीवर बसला होता, बाकीचे पायऱ्यांवर.

"मारायची नाहीत," अध्यक्ष म्हणाला. "मारली तर केस होते. पण कुठं लांब नेऊन सोडली तर त्यात मारणं येत नाही."

"लांब म्हणजे कुठं?"

"खाणीकडं. तिथं काय आहे? दगड."

"तिथं मजूर राहतात," शिंपी म्हणाला. त्याच्या आईची खाट आता दुकानातच होती, म्हणून तो घाईत होता.

"मजूर आज इथं, उद्या तिथं. त्यांच्याकडं कोंबड्या नाहीत, वासरं नाहीत. कुत्रं काय दगड खाणार?" अध्यक्ष दूधवाल्याकडं वळला. "तुमच्या टेम्पोला जाळी आहे. आणि कालवडही तुमचीच गेली."

दूधवाला मान खाली घालून चपलेनं माती उकरत होता. "नेतो," तो म्हणाला. "पण धरून तुम्ही द्यायची."

धरायला सगळं गाव निघालं. भाजीच्या वाफ्यावरची जाळी आणली, दोर आणले, मास्तरांनी शिट्टी आणली. उन्हं वर आली तोपर्यंत वायरमन एकदा गटारात पडून उठला होता. एक जाड मानेचं कुत्रं जाळीसकट पळालं आणि ती जाळी चौकातल्या हातगाडीला अडकून टोमॅटो रस्ताभर झाले. शेडवरची कुत्री माणसाच्या हातातला दोर शंभर पावलांवरून ओळखत होती. ती टेकडीवर जाऊन बसली आणि खाली बघत राहिली. दुपारपर्यंत टेम्पोत एकही कुत्रं नव्हतं आणि अध्यक्षांच्या विजारीचा एक पाय फाटला होता.

मग कोणीतरी म्हणालं, "दूधवाल्याच्या वहिनी हाक मारतात तेव्हा येतात की."

ती कॅन घासत होती. गुडघा सुजला होता म्हणून एक पाय लांब सोडून बसली होती. नवरा आत आला, मागं अध्यक्ष, मागं पाच-सहा जण. तिनं पदर सारखा केला.

"वहिनी, एक काम होतं," अध्यक्ष म्हणाला.

तिनं ऐकून घेतलं. मग नवऱ्याला म्हणाली, "अहो, माझ्या हाकेला ती येत नाहीत. गल्लीतली येतात. त्यांनी काय केलंय?"

"कुत्रं ते कुत्रं," नवरा म्हणाला.

"कालवड त्यांनी नाही मारली. पंजे..."

"वहिनी," शिंपी मधेच म्हणाला. तो ओरडला नाही. "माझी आई खाटेवर सगळं करतेय. मी पुरुषमाणूस तिचं काढतो. तिला लाज वाटते, मला लाज वाटते. आणि इथं तुम्ही त्यांना सायी चारता. सगळा गाव बोलतो, दूधवालीनं लाडावून ठेवलीत म्हणून. मी कधी बोललो नाही."

सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी सुनेची बाजू घेतली नाही, शिंप्याचीही घेतली नाही. "ज्याची कालवड गेली तोच आता गुन्हेगार," एवढंच म्हणाल्या, आणि ते कोणाला म्हणाल्या ते कळलं नाही.

ती उठली. तिला गाईची लाथ आठवत होती, गळणारे सड आठवत होते आणि तिला राग आला होता हे खरं. राग कोणावर आहे ते बघत बसायला वेळ नव्हता, सगळे दारात उभे होते. टेम्पो मागं, गोठ्यापाशी आणला होता. मागची फळी पाडून जमिनीला टेकवली होती. तिनं धुवणाची बादली उचलली, आत नेऊन टेम्पोच्या हौद्यात एका परातीत ओतली. रोज टाकायची त्याहून जास्त साय टाकली. मग हात तोंडाशी धरला.

"यू यू यू!"

तांबडी पहिली आली. ती नेहमीच पहिली असायची, एक कान फाटलेली, शेपटीनं अख्खं अंग हलवणारी. फळीपाशी थांबली, टेम्पोकडं पाहिलं, मग तिच्याकडं पाहिलं. ती आत उभी होती. तांबडी चढली. मग लंगडा, मग काळं, मग बाकीची. एकालाही ओढावं लागलं नाही. परातीभोवती नऊ तोंडं लपलप करत असताना बाहेरून फळी वर गेली आणि कडी लागली.

"वा वहिनी!" वायरमन म्हणाला. "आम्ही उगाच गटारं साफ केली."

फळी लागली तशी कुत्री बावरली, अंगावर चढू लागली, एक रडायला लागलं. नवरा जाळीतून म्हणाला, "तू मागंच बस. नाहीतर उड्या मारतील." मग ती मागं बसली. चार मैल. पत्रा तापला होता. काळं तिच्या पावलावर ओकलं. तांबडी तिच्या सुजलेल्या गुडघ्यावर हनुवटी टेकून बसली होती, आणि तिनं ती बाजूला केली नाही. करायला हवी होती असं तिला नंतर बरेच दिवस वाटत राहिलं.

खाणीच्या अलीकडं, मातीचे ढिगारे होते तिथं नवऱ्यानं गाडी थांबवली. पलीकडं उतारावर प्लॅस्टिकच्या कागदांची दहा-बारा पालं होती. दोन बांबूंच्या मधे दोरीवर कपडे वाळत होते. त्यात एक लहान मुलीचा फ्रॉक होता, पिवळा. सुरुंगाची वेळ असावी, माणसं दिसत नव्हती. फळी पडली, कुत्री उतरली आणि वास घेत फिरायला लागली. ती स्वतः उतरली नाही तेव्हा तांबडी परत टेम्पोत चढली. नवऱ्यानं कुत्रीला पायानं खाली लोटलं आणि गाडी सुरू केली. कुत्री बरीच लांबपर्यंत मागून धावली. ती जाळीतून बघत होती. सगळ्यात आधी लंगडा थांबला.

गावात त्यानं काही फरक पडला नाही. शेडवरची कुत्री होती तशीच होती, आता तर गल्ल्या मोकळ्याच मिळाल्या. चार दिवसांनी त्यांनी मास्तरांची शेळी फाडली. पण गाव त्याबद्दल बोलेना. एकदा केलं ते चुकीच्या कुत्र्यांना केलं हे कोणाला मोठ्यानं म्हणायचं नव्हतं. ती धुवण मोरीत ओतायला लागली. दूधवाला खाणीचा रस्ता सोडून कालव्याच्या रस्त्यानं जायला लागला. लांब पडायचा.

आठवड्यानं कालव्याचा रस्ता पाइप टाकायला खणला. त्या दिवशी पेंडीची पोती आणायची म्हणून तीही टेम्पोत होती, पुढं नवऱ्याशेजारी. खाणीच्या वळणावर एक बाई रस्त्याच्या मधे उभी राहून हात करत होती. कडेवर सहा-सात वर्षांची मुलगी, मुलीच्या उजव्या हाताला गुंडाळलेलं फडकं लाल झालेलं.

नवऱ्यानं ब्रेक लावला. लावला नसता तर बाई हललीच नसती.

"दवाखान्यात सोडा, दादा. कुत्रं चावलंय."

ती सरकली. बाई चढली. दगडाच्या भुकटीनं तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. मुलगी रडत नव्हती, दात वाजवत होती. बाईला मांडी पुरेना म्हणून मुलीचे पाय दूधवालीच्या मांडीवर आले.

"देवासारखे भेटलात हो ताई," बाई म्हणाली. "कोणी थांबत नाही आमच्यासाठी. दोन ट्रक तसेच गेले."

"कसं काय चावलं?" तिनं विचारलं. आवाज नीट निघाला याचं तिला नवल वाटलं.

"माझा जेवणाचा डबा घेऊन येत होती. त्यानं डब्यावर उडी घेतली, हिनं डबा सोडला नाही. आमच्याकडं कुत्री नव्हतीच हो कधी. गेल्या आठवड्यात एकदम झुंड आली. कुठल्या नालायकानं आणून सोडली कोण जाणे. त्याचं तळपट होवो."

दूधवाल्यानं गिअर बदलला. गिअर नीट पडला नाही, गाडी खरखरली.

"तांबडं होतं," मुलगी म्हणाली. "त्याचा एक कान असा फाटलाय."

नवऱ्यानं बायकोकडं पाहिलं. गप्प बस, असं ते बघणं होतं. तिनं मांडीवरचे ते पाय सावरून घेतले.

दवाखान्यात सिस्टरनं नळाखाली हात धरला आणि साबणानं जखम धूत राहिली, घड्याळ बघून पंधरा मिनिटं. मुलगी किंचाळायची तेव्हा दोघी दोन बाजूंनी धरायच्या. जखमेत चार खोल भोकं होती. सिस्टरनं जखमेत औषध सोडलं, दंडात सुई टोचली, कार्डावर तारखा लिहिल्या.

"इंजेक्शनं सगळी घ्यायची, एकही चुकवायचं नाही. आणि कुत्रं कुठाय? ते बांधून ठेवा. मारू नका. दहा दिवस खातंय पितंय, नीट वागतंय का बघायचं. वेगळं काही दिसलं, मेलं किंवा पळालं, तर लगेच येऊन सांगायचं."

"ते धरणार कसं, सिस्टर? जवळ येत नाही. आमची माणसं दगड मारतात त्याला."

"धरता आलं तर फार बरं," सिस्टर म्हणाली. "नाहीतर दहा दिवस तुम्हीच जीव मुठीत धरून बसाल."

तसेच परत निघाले. खाणीवर पोचले तेव्हा दहा-बारा पुरुष पहारी, दगड घेऊन मातीच्या ढिगाऱ्याखाली जमले होते. ढिगाऱ्याच्या माथ्यावर तांबडी उभी होती. बरगड्या मोजता आल्या असत्या. कोणी वर चढलं की ती पलीकडं उतरायची आणि दुसऱ्या ढिगावर जायची.

"मारू नका!" मुलीची आई टेम्पोतूनच ओरडली. "जिवंत पायजे! सिस्टरनं सांगितलंय!"

"जिवंत हाताला लागत नाही ते," एक म्हातारा म्हणाला. "सकाळपासून नाचवतंय."

बाई मुलीला घेऊन उतरली. "उपकार झाले तुमचे," ती म्हणाली. दूधवाल्यानं गाडी सुरू केली. बायको खाली उतरत होती.

"बस आत," तो खालच्या आवाजात म्हणाला. "अगं, बस. वेडी झालीस का?"

ती उतरली. गुडघा अजून दुखत होता, ती उतारावरून तिरकी चालत गेली. पुरुषांच्या पुढं जाऊन उभी राहिली. तिच्याजवळ बादली नव्हती, तुकडा नव्हता, काही नव्हतं. तोंडाशी हात नेताना तिला आपल्या मागं असलेली सगळी माणसं पाठीवर जाणवत होती. पहिल्यांदा हाक अर्धीच निघाली. मग दुसऱ्यांदा नीट.

"यू यू यू!"

तांबडीचा साबूत कान उभा राहिला. मग ती ढिगाऱ्यावरून घसरतच खाली आली, माती उडवत, पहारी घेतलेल्या माणसांच्या पायांमधून, आणि तिच्या पायांशी लोळली. पोट वर केलं, उठली, तिच्या हातांचा वास घेतला, पुन्हा लोळली. पालांच्या मागून काळं आलं. खडी फोडायच्या क्रशरच्या बाजूनं बांडं आलं, आणि आणखी एक. चार. पाचवं आलं नाही. ती चारही तिच्याभोवती फिरत होती, शेपट्या तिच्या पायांवर आपटत होत्या, आणि सगळी खाण बघत होती.

क्रशर बंद होता.

मग म्हातारा हसला. "अस्सं होय," तो म्हणाला. "मालकीणच आली की." पहार त्यानं हातातून खाली टाकली, ती दगडावर वाजली.

मुलीची आई पुढं आली. मुलगी अजून तिच्या कडेवर होती. या वेळी तिनं ताई म्हटलं नाही.

"तू आणून सोडलीस?"

"हो."

"इथं माणसं राहतात ते दिसलं नव्हतं?"

तिला म्हणता आलं असतं की दुपार होती, कोणी दिसलं नाही. ते खोटंही नव्हतं.

"दिसलं होतं," ती म्हणाली. "दोरीवर फ्रॉक वाळत होता."

बाईनं मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. मारेल असं वाटलं, मारलं असतं तर सोपं झालं असतं. पण ती वळून पालात गेली आणि सुती दोर घेऊन आली. दोर हातात दिला नाही, तिच्या पायांशी टाकला.

दहा दिवस ती रोज खाणीवर गेली. नवरा न्यायला तयार नव्हता. "तू नाक कापून आलीस," तो म्हणाला, "आता पुन्हा पुन्हा दाखवायला मी नाही येणार." अध्यक्षांनी निरोप पाठवला, गावाचं नाव मधे आणू नका. ती सकाळची धार काढून, कॅन घासून, दुपारच्या उन्हात चार मैल चालत जायची आणि संध्याकाळच्या धारेला परत. हातात झाकणाच्या डब्यात धुवण. गुडघ्याला फडकं बांधलेलं. सासूबाई तिच्या वाटची वैरण कापून ठेवायच्या. एवढ्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा विळा हातात घेतला होता आणि त्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत, हे त्यांच्या मानानं फारच होतं.

तांबडी मोडक्या ट्रॉलीच्या चाकाला बांधली होती. दूधवाली तिला धुवण पाजायची, चारायची, मग सावली नसलेल्या जागी तासभर बसून बघायची. लाळ गळते का, पाणी पिते का. खाणीवरच्या बायका दगड फोडताना तिच्याकडं बघून एकमेकींशी बोलायच्या. कोणी बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. म्हातारा मात्र रोज येता-जाता काहीतरी टोमणा मारायचा. "आज काय आणलंस आम्हाला? वाघ?" तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, बाकीची पाच कुठं गेली? म्हाताऱ्यानं ट्रकच्या रस्त्याकडं बोट केलं. "दोन तिथं, चाकाखाली. एक लंगडं होतं, ते सुरुंगाच्या वेळी पळू शकलं नाही. बाकीची मला ठाऊक नाही. तुमच्यात मोजून सोडतात का?"

मुलीची आई तिच्याशी बोलत नव्हती. घणाचा एकेक ठोका पडायचा, त्यात खंड नसायचा. एकदाच, पाचव्या-सहाव्या दिवशी, मुलगी धावत आली आणि बांधलेल्या कुत्रीपासून चार हात लांब उभी राहून म्हणाली, "हिला नाव काय?"

"नाव नाही."

"मग तुझी कशी?"

तेवढ्यात आईनं हाक मारली आणि मुलगी गेली.

अकराव्या दिवशी तांबडी धडधाकट होती, उलट जरा भरली होती. ती चारही कुत्री दोरानं बांधून तिनं गावात आणली, भर दुपारी, मुख्य रस्त्यानं. दुसरा रस्ता नव्हता. वायरमन खांबावर होता, त्यानं वरून पाहिलं आणि पहिल्यांदाच त्याला काही सुचलं नाही. शिंप्यानं मशीन थांबवलं, तिला पाहिलं, आणि मशीन पुन्हा सुरू केलं. तिनं कुत्री गोठ्यात गाईंच्या शेजारी बांधली. नवरा म्हणाला, "इथं?" ती म्हणाली, "इथंच. गाडी येईपर्यंत. पहिलं ऑपरेशन यांचं." दुसऱ्या दिवशी त्यानं कवाडाला नवी कडी लावली.

शेवटच्या इंजेक्शनला मात्र तो स्वतःच म्हणाला, "चल, खाणीवरून घेऊन जाऊ त्यांना." मुलीची आई तयार होऊन रस्त्यावरच उभी होती, त्यांच्यासाठी नव्हे, कुठल्याही गाडीसाठी. तिनं टेम्पो ओळखला. क्षणभर थांबली. मग मुलीला पुढं चढवलं आणि स्वतः मागं गेली, रिकाम्या कॅनच्या मधे जाऊन बसली.

"पुढं जागा आहे," दूधवाला म्हणाला.

"इथं बरंय."

दवाखान्यात तीच सिस्टर होती. तिनं जखम पाहिली. चार गुलाबी खड्डे राहिले होते, बोटांची मूठ नीट वळत होती. कार्डावर शेवटची खूण केली.

"आणि कुत्रं? नीट होतं ना?"

"होतं. अजून आहे," मुलीची आई म्हणाली.

"कोणी धरलं शेवटी?"

"हिनं." मुलीच्या आईनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. "कुत्रं हिनंच आणलं."

सिस्टर पहिल्यांदाच हसली. "फार बरं केलंत हो बाई. लोक चावलेल्या माणसाला आणत नाहीत, तुम्ही कुत्रं धरून आणलंत. असं कोण करतं?"

दूधवालीच्या हातात मुलीच्या चपला होत्या, टेबलावर चढवताना काढलेल्या. मुलीची आई तिच्याकडं बघतच होती. वाट बघत होती. खोलीत फिनाइलचा वास होता, बाहेर बाकावर कोणीतरी खोकत होतं. तिनं तोंड उघडलं. सिस्टरनं पुढच्या नंबरला हाक मारली. तिनं खाली वाकून मुलीच्या पायांत चपला घातल्या, पट्टे लावले, पुन्हा एकदा काढून नीट लावले.

अंगणात आल्यावर मुलीची आई म्हणाली, "बोलली नाहीस."

"नाही."

"तिथं आमच्यासमोर बोललीस. इथं नाही."

मुलीची आई टेम्पोच्या मागं जाऊन चढली, कॅन सरकवल्याचा आवाज आला.

मुलगी पुढं, दोघांच्या मधे बसली. तिला टेम्पोची मजा वाटत होती. टोचलेला दंड दुखायला लागला तशी ती कलंडली आणि तो हात तिनं शेजारच्या बाईच्या मांडीवर ठेवला, तिला दुसरीकडं कुठं ठेवायचं सुचलं नाही म्हणून. थोड्या वेळानं तिला झोप लागली. रस्ता खड्ड्यांचा होता. दूधवाल्यानं गाडी सावकाश घेतली. बायकोनं दुखरा गुडघा समोरच्या पत्र्याला घट्ट टेकवला, की हिसका बसला तर त्याला बसावा, आणि खाण येईपर्यंत ती हलली नाही.